कंट्रोल, शिफ्ट आणि उद्याचं पाणी

डॉक्टरांनी माझं उजवं मनगट दोन बोटांत धरलं, हळूच वळवलं, आणि मी ओरडलो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"इथेच ना?"

"इथेच," मी म्हणालो. मग खात्री करून घ्यायला त्यांनी ते पुन्हा वळवलं.

"माऊस वापरता?"

"दिवसभर."

"सोडा."

सिगारेट सोडा, मीठ सोडा, जिने चढणं सोडा असं सांगणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. माऊस सोडायला सांगणारे हे पहिलेच. "नाही सोडला तर?" मी विचारलं. त्यांनी भिंतीवरच्या चित्राकडे बोट दाखवलं. चित्रात एक हात मधोमध चिरून आतल्या शिरा रंगवून दाखवल्या होत्या. मी लगेच सोडला.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग काम कशाने करणार?"

आमच्या संसारात असे प्रश्न विचारायचं खातं तिच्याकडे आहे. उत्तरांचं खातं माझ्याकडे असून ते पहिल्यापासून बंद आहे.

माझं काम म्हणजे पाणीपुरवठा कार्यालयातल्या प्रोग्रामची देखभाल. रोज संध्याकाळी गावभर लोकांच्या मोबाईलवर जो मेसेज येतो, "उद्या आपल्या भागात पाणी येईल", तो पाठवणारा प्रोग्राम माझा. माझा म्हणजे मीच लिहिलेला. प्रत्येक भागासाठी त्यात वेगळा परिच्छेद आहे, कारण तेव्हा मला तसाच लिहिता येत होता. त्याच्याबद्दल आजवर कोणी चांगलं बोललेलं नाही, पण कोणी वाईटही बोललेलं नाही, आणि आमच्या कार्यालयात ही फार मोठी गोष्ट समजली जाते. अलीकडे मात्र हे काम बाहेरच्या कंपनीला देणार अशी कुजबुज सुरू झाली होती. अशा वेळी प्रोग्रामरचा हात कामातून गेला हे कोणाला कळणं बरं नव्हतं. म्हणून मी ठरवलं, गुपचूप कीबोर्डवरच सगळं शिकायचं. माऊस नुसता शेजारी ठेवायचा, शोभेला.

आता हे सांगायला हवं की ज्याच्यात आम्ही प्रोग्राम लिहितो त्या टेक्स्ट एडिटरमध्ये माऊसशिवाय काहीही करता येतं. कर्सर म्हणजे ती लुकलुकणारी उभी रेघ. बाणाचं बटण दाबलं की ती एक अक्षर सरकते. कंट्रोल धरून बाण दाबला की अख्खा शब्द ओलांडते. होम दाबलं की ओळीच्या तोंडाशी, एन्ड दाबलं की शेपटाशी. आणि यातलं काहीही शिफ्ट धरून केलं की जाता जाता वाटेतला मजकूर निवडला जातो, निळा होतो. म्हणजे कंट्रोल हा पळवणारा आणि शिफ्ट हा पकडणारा. ऐकायला सोपं आहे. मलाही ऐकायला सोपंच वाटलं होतं.

पहिल्या दिवशी कंट्रोलऐवजी आल्टवर बोट पडलं. आल्ट धरून वरचा बाण दाबला की कर्सर नाही, ती ओळच उचलून वर सरकते. मी वर जातोय अशा समजुतीत बटण दाबत राहिलो आणि परिच्छेदाच्या शेवटची एक कंसाची ओळ मला घेऊन, शेजाऱ्यांना ओलांडत, अर्ध्या फाईलभर फिरून आली. तिला परत घरी पोचवता पोचवता दुपार झाली. दुसऱ्या दिवशी आल्ट आणि शिफ्ट एकदम दाबले गेले आणि कीबोर्डने भाषाच बदलली. काहीही टाइप केलं तरी भलतीच अक्षरं उमटायला लागली. मी अनुभवी माणूस असल्यामुळे घाबरलो नाही. चहा प्यायला गेलो.

तिसऱ्या प्रसंगाने मात्र मला फार खाली आणलं. मला एका वेळी अनेक ओळींवर कर्सर उमटवायचे होते. त्यासाठी कंट्रोल आणि आल्ट धरून खालचा बाण दाबायचा, असं वाचलं होतं. मी दाबला. आमच्या कार्यालयातले संगणक जुने आहेत. त्यांना या आज्ञेचा दुसराच अर्थ ठाऊक होता. क्षणभर पडदा काळा झाला आणि उजळला तेव्हा उलटा होता. सगळं डोकं खाली, पाय वर.

संगणक दुरुस्तीच्या खोलीत फोन केला. तिकडून आवाज आला, "ऑनलाईन तक्रार टाका."

"अहो, पडदा उलटा झालाय."

"मग तसं लिहा ना त्यात."

तक्रारीचं पान उघडलं. मान खांद्याला टेकवून ते वाचलं. 'तक्रारीचे स्वरूप' मध्ये उलट्या पडद्याची सोय नव्हती. 'इतर' निवडलं. शेवटी एक चौकोन आला आणि खाली लिहिलेलं: 'येथे माऊसने सही करा.' दुसरा इलाज नव्हता. मी माऊस धरला. उलट्या पडद्यावर तो उजवीकडे नेला की डावीकडे जात होता. मनगटातून कळ गेली आणि सही म्हणून जे उमटलं ते पाहून कोणत्याही बँकेने माझं खातं गोठवलं असतं. त्याच क्षणी साहेब मागे येऊन उभे राहिले. साहेब म्हणजे आमचे कार्यालयप्रमुख, बोलायला मृदू, त्यामुळे जास्तच भीतिदायक.

"काय चाललंय?"

"नवीन पद्धतीने बघत होतो," मी म्हणालो. मान अजून खांद्यावरच होती.

"बघा, बघा," ते म्हणाले, आणि उलट्या पडद्याकडे, मग माझ्या मानेकडे पाहून निघून गेले. या दोन्हींची नोंद त्यांनी मनात कुठेतरी केली असणार. पुढे कंट्रोल, आल्ट आणि वरचा बाण दाबल्यावर पडदा सरळ झाला. मान व्हायला आठवडा लागला.

मनगटाला पट्टा आणि मानेला पट्टा असा मी जिना चढताना दिसल्यावर शेजाऱ्यांपासून लपवणं शक्यच नव्हतं. समोरच्या घरातले गृहस्थ निवृत्त आहेत आणि त्यांचा सगळा वेळ दाराच्या फटीत जातो. ते म्हणाले, "डाव्या हाताने जेवायला लागा. मेंदूच्या दोन्ही बाजू उघडतात." मी दोन दिवस जेवलो. शर्टाच्या दोन्ही बाजू खराब झाल्या. बायकोने सगळं शांतपणे धुतलं आणि म्हणाली, "वरच्या बाईंना का विचारत नाही? त्यांनी जन्मभर दुसरं काय शिकवलं?"

सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या बाई एके काळी टायपिंगचा क्लास चालवायच्या. आता एकट्याच असतात. मोबाईल वापरत नाहीत, टीव्ही नाही, पण पाठ अजून टाइपरायटरपुढे बसल्यासारखी ताठ. मी सगळं सांगितलं. त्यांनी माझी बोटं टेबलावर ठेवायला लावली आणि बराच वेळ त्यांच्याकडे नुसतं बघत राहिल्या. असं कोणी माझ्या पत्रिकेकडेही पाहिलं नसेल.

"तू बटणांकडे बघतोस," त्या म्हणाल्या.

"मग कुठे बघू?"

"मूळ कागदाकडे. डोळे कागदावरून हलता कामा नयेत. बटणांकडे नाही, आणि उमटतंय तिकडेही नाही. आणि डोकं वापरू नकोस. बोटांना आठवू दे."

डोकं वापरू नकोस हे मला घरी आणि कार्यालयात बऱ्याच जणांनी सुचवलं होतं, पण त्यामागे शास्त्र आहे हे पहिल्यांदाच कळलं. मी रोज संध्याकाळी वर जाऊ लागलो. बाई टेबलावर पट्टी आपटून ठेका धरायच्या आणि मी कोऱ्या टेबलावर कंट्रोल-बाण, शिफ्ट-एन्ड करत बसायचो. खरं सांगायचं तर बरं वाटायचं. या वयात कोणी आपल्याला चुकलं म्हणून पट्टी दाखवावी यात एक प्रकारची माया असते. बाईंनाही कोणीतरी चुकणारं हवं असावं. पण आठवडाभरात मला सगळं येऊ लागलं असं मला वाटलं, आणि मी जायचा थांबलो. बाईंनी दोन दिवस दार उघडं ठेवलं होतं, असं नंतर बायकोकडून कळलं.

मला विशेष आवडलेली आज्ञा होती ती कंट्रोल, शिफ्ट आणि एल. कर्सर एखाद्या शब्दावर ठेवून ही दाबली की फाईलमध्ये तो शब्द जिथे जिथे असेल तिथे तिथे एकदम निवडला जातो. मग एकदा टाइप केलं की सगळीकडे बदलतो. एकच तो शब्द निवडायचा तर वेगळी आज्ञा आहे, कंट्रोल आणि डी, पण तिच्यात काही रुबाब नाही. त्या आठवड्यात मी कारण नसताना अनेक नावं बदलली आणि पुन्हा पूर्ववत केली. माझी बोटं आठवायला शिकत होती. ती काय आठवतायत याकडे मी लक्ष दिलं नाही.

आणि मग तो आदेश आला. टेकडीच्या भागात जलवाहिनीची दुरुस्ती होती. तिथे, फक्त तिथे, उद्या पाणी येणार नव्हतं. साहेब कागद घेऊन स्वतः आले आणि सोबत बाहेरच्या कंपनीचे दोन पाहुणे. "आमचं काम कसं चालतं ते यांना जरा दाखवा," साहेब म्हणाले.

माझ्या आयुष्यात असे प्रसंग फार आले नाहीत. मी माऊस हाताने लांब सारला, सगळ्यांना दिसेल असा. आदेशाचा कागद समोर उभा केला आणि डोळे त्याच्यावर रोवले. बोटं निघाली. शोधून टेकडीचा परिच्छेद गाठला, एन्ड, कंट्रोल-बाण, 'येईल' या शब्दावर आलो, बोटांना जे आठवलं ते त्यांनी दाबलं, 'येणार नाही' टाइप केलं, सेव्ह केलं. डोळे कागदावरून केसभरही हलले नाहीत. पाहुण्यांपैकी एक जण "अरे वा" म्हणाला. साहेबांनी मान डोलावली. मी त्या दिवशी छाती काढून घरी आलो.

बायको स्वयंपाकघरात मोबाईल बघत उभी होती. "अहो, उद्या पाणी नाही म्हणे."

"ते टेकडीवर. आपल्याकडे आहे."

"आपल्याकडेच आलाय मेसेज. माझ्या बहिणीकडेही आलाय, ती तर पार दुसऱ्या टोकाला राहते."

मी मोबाईल घेतला. वाचला. कोणत्या आज्ञेने हे झालं ते मला तिथल्या तिथे कळलं: डीऐवजी एल. माझा अभ्यास पक्का होता. खालच्या घरात नळ सुरू झाला. मग शेजारच्या. मग समोरच्या. थोड्याच वेळात अख्खी इमारत भरणाऱ्या बादल्यांच्या आवाजाने घुमायला लागली, आणि मी त्या आवाजात दार उघडून उभा.

"कुठे निघालात?" बायको म्हणाली. "पिंप बाहेर काढा आधी."

कार्यालयात धावत गेलो. दरवाज्यावरच्या पहारेकऱ्याने मला ओळखलं, हसला, आणि अडवलं. कार्यालय सुटल्यावर आत जायला साहेबांची लेखी परवानगी लागते. साहेबांना फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला. मागे पाण्याचा मोठा आवाज.

"साहेब, तो मेसेज..."

"हो, आलाय मला. भरतोय मी. तुम्हीही भरून घ्या."

"साहेब, तो चुकलाय. पाणी येणार आहे. फक्त टेकडीवर नाहीये."

पलीकडे नळ वाहत राहिला. मग साहेब अगदी मृदू आवाजात म्हणाले, "आता पाणी येणार आहे असा मेसेज पाठवला तर कोणी भरणं थांबवेल?"

मी विचार केला. "नाही."

"मी तरी नाही थांबवणार," साहेब म्हणाले, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी गावात पाणी आलं नाही. सगळ्यांनी एकाच संध्याकाळी भरलं, त्यामुळे मोठी टाकी पार तळाला गेली होती. मी चुकून पाठवलेला मेसेज शब्दशः खरा ठरला. प्रत्येक घरात पिंप, पातेली, बादल्या, फुलदाण्या भरलेल्या, आणि नळ कोरडे. समोरचे गृहस्थ दाराच्या फटीतून म्हणाले, "तुमच्या खात्याचं कौतुक करायला हवं हो. आधी सांगितलं म्हणून वाचलो." त्यांनी बूटही भरून ठेवले असते, त्यांच्या बायकोने अडवलं म्हणून राहिलं.

एकच घर असं होतं जिथे मेसेज पोचला नव्हता. वरच्या बाई मोबाईल वापरत नाहीत. आम्ही सगळे खाली भरत होतो तेव्हाच त्यांचा नळ आटला होता, आणि त्यांना वाटलं नळच बिघडला. दुपारी बायको वर जाऊन आली आणि आमचं पिंप उघडून बादली भरायला लागली.

"मी नेतो," मी म्हणालो.

"त्या हाताने?"

"या हाताने केलंय ना," मी म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळं समजलं. दुसरी बादली भरायला घेतली.

मी वर-खाली करत राहिलो. जिन्यात सगळ्यांच्याच बादल्यांतून पाणी सांडलेलं होतं. शेवटच्या खेपेला पायरीवरून पाय गेला. बादली वाचवायला मी उजवा हात पुढे केला. बादली वाचली नाही.

डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. ते खूष होते. "आता सुटला माऊस," म्हणाले.

संध्याकाळी बाई स्वतः खाली उतरून आल्या. एवढे जिने त्या बऱ्याच दिवसांत उतरल्या नव्हत्या. खुर्चीत ताठ बसल्या आणि प्लास्टरकडे पाहत विचारलं, "तो मेसेज तूच टाइप केलास?"

"हो, बाई."

"कागदावर बरोबर होतं?"

"अगदी बरोबर. मी डोळे हलवलेच नाहीत. तुम्हीच म्हणालात, उमटतंय तिकडे बघायचं नाही."

"टाइप करताना नाही बघायचं. झाल्यावर वाचून काढायचं. तो पुढचा धडा होता." त्यांनी पाठ आणखी ताठ केली. "मी वाट बघितली. तू आला नाहीस."

बायकोने चहा आणला. बाईंनी तो पाणी जपून वापरायचं म्हणून अर्धाच घेतला.

चौकशी झाली. वरच्या कार्यालयातले लोक आले. पाणी येणार नाही असा मेसेज गेला आणि पाणी आलं नाही, तेव्हा चूक कुठली, हे त्यांना दाखवता येईना. मी सांगायला उठलो तर साहेबांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. टाकीची पातळी घसरणार हे अभियंत्यांनाही आधी कळलं नव्हतं, ते या यंत्रणेला कळलं, असा निष्कर्ष निघाला. साहेबांना अभिनंदनाचं पत्र आलं. आणि इतकी मोलाची यंत्रणा एका प्लास्टरमधल्या माणसाच्या भरवशावर ठेवणं बरं नाही, म्हणून ती बाहेरच्या कंपनीला द्यायचं ठरलं. माझी बदली तक्रारींच्या खिडकीवर झाली. तिथे तोंडाने काम असतं.

बदलीचं पत्र मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पगार तोच आहे ना?" मग जरा वेळाने माझ्या प्लास्टरवर हात ठेवून म्हणाली, "चांगला होता तुमचा प्रोग्राम. मला रोज मेसेज यायचा तेव्हा वाटायचं, तुम्हीच सांगताय." एवढ्या वर्षांत हे तिने कधी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला तिने फार वाईट दिवस निवडला.

कंपनीकडून एक तरुणी आली. माझ्या मुलीच्या वयाची असेल, वागायला नीट. तिने नवीन प्रोग्राम बसवला. एका दुपारीच झालं तिचं. "काका, तुमची जुनी फाईल रिकामी करून सेव्ह करायची आहे. म्हणजे चुकून दोन-दोन मेसेज जाणार नाहीत. मी करू?" तिने माऊस जवळ ओढला.

"नको," मी म्हणालो. "मी करतो."

मी खुर्चीत बसलो. उजवा हात मांडीवर ठेवला. डाव्या हाताने एकदा फाईल वरून खालपर्यंत चालून बघितली, शब्दाशब्दाने, कंट्रोल आणि बाणावर बोटं ताणून. एका ठिकाणी एक परिच्छेद होता, का लिहिला ते आता आठवत नव्हतं, पण काढला की सगळं बंद पडायचं म्हणून ठेवलेला. एका ठिकाणी मी स्वतःसाठीच लिहिलेली सूचना होती: 'हे नंतर नीट करणे.' कंसांच्या ओळी सगळ्या आपापल्या जागी होत्या. ती कंपनीची मुलगी मागे उभी राहून शांतपणे थांबली. घाई केली नाही, हे तिचं चांगलं.

मग मी कंट्रोल धरून ए दाबलं. सगळ्या ओळी निळ्या झाल्या. कंट्रोल आणि एक्स. पडदा पांढरा झाला. या वेळी मी डोळे पडद्यावरून हलवले नाहीत. वाचून काढण्यासारखं काही उरलंय का ते नीट पाहिलं. काही नव्हतं. कंट्रोल आणि एस. तिन्ही अक्षरं डाव्या हाताच्या बोटांखालीच येतात. प्लास्टरचा कुठेही अडथळा झाला नाही.

"वा, काका!" ती म्हणाली. "माऊसला हातसुद्धा लावला नाहीत. किती फास्ट!"

मी थँक्यू म्हणालो. मग उठून तक्रारींच्या खिडकीत जाऊन बसलो. बाहेर रांग लागलेलीच होती.